पाद्रीबाबांचा पांढरा कोट

शुक्रवारी सकाळी सिनिवाने टबात साबणाचा चुरा टाकला, हात कोपरापर्यंत बुडवून दोनदा ढवळलं आणि चोवीस पांढरे कपडे तिच्या डोळ्यांदेखत लाल झाले.

तिने घाईघाईने हात बाहेर काढून पाहिले. ते धड होते. मग तिने टबाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली, की शेजारच्या फिलेमोनीचा कोंबडा अर्धवट आरवलेला तसाच निरफणसाच्या झाडावर जाऊन बसला.

एतुआले आत शाळेच्या पिशवीत खडू भरत होता. वाइतोआच्या हायस्कुलात तो चौदा वर्षं विज्ञान शिकवत होता. गाव समुद्राला लागून, शाळा चर्चला लागून आणि एतुआलेचं घर शाळेला लागून, त्यामुळे बायकोची हाक ऐकू आली नाही असं सांगायची सोय त्याला कुठेच नव्हती.

"एतुआले! इकडे ये आधी. टबात कुणीतरी मेलंय!"

तो धावत आला, टबात डोकावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा!"

"अरे वा?" सिनिवाने सावकाश विचारलं.

"म्हणजे, अरेरे." एतुआले सावरून म्हणाला. "पण रंग काय सुरेख उतरलाय, बघ ना!"

"हे काय आहे?"

"आम्लारी."

"मी त्याचं नाव नाही विचारलं. काय झालंय ते विचारलं."

"तेच सांगतोय. साबण हा आम्लारी असतो. हळदीला आम्लारी भेटला, की ती लाल होते. साधी गोष्ट आहे, घाबरण्यासारखं त्यात..."

"हळद?" सिनिवा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "टब माझा, साबण माझा, कपडे मी शिवलेले. यात तुझं काय आहे?"

एतुआलेने जमिनीकडे पाहिलं. "हळद," तो म्हणाला.

त्याचीही बाजू होती. शाळेतले लिटमसचे कागद संपून दोन वर्षं झाली होती. वरच्या कार्यालयाला त्याने तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, तिसऱ्याला उत्तर म्हणून व्हॉलीबॉलचे सहा चेंडू आले. आम्ल आणि आम्लारी चेंडूने ओळखता येत नाहीत. तेव्हा त्याने परसातली हळद खणली, वाटली, पाण्यात कालवली आणि जुन्या चादरीच्या चाळीस पट्ट्या त्यात रंगवून घेतल्या. चाळीस पट्ट्यांना भांडं मोठं लागतं, म्हणून त्याने बायकोचा टब घेतला. पट्ट्या वाळत घातल्यावर तो टब ओतून देणारच होता, पण तेवढ्यात रेडिओवर रग्बीचा सामना सुरू झाला. त्यानंतर पाऊस आला आणि टब काठोकाठ भरला. हळदीचं पाणी इतकं पातळ झालं, की तिन्हीसांजेच्या उजेडात ते पावसाचंच पाणी वाटावं. सिनिवाला ते तसंच वाटलं. नव्या कापडाची खळ निघावी म्हणून तिने रात्रभर भिजायला कपडे त्यात टाकले.

आणि कपडे साधेसुधे नव्हते. परवा मुलांचा पांढरा रविवार. वर्षातून एकदा चर्चमध्ये मुलांचंच राज्य असतं, मुलं पाठ केलेली वचनं म्हणतात, गातात, आणि दुपारी मोठी माणसं त्यांना आधी वाढतात. डोक्यापासून पायापर्यंत सगळं पांढरं. महिला मंडळाची चिटणीस म्हणून सिनिवाने तीन आठवडे मशीन चालवून बारा झगे आणि बारा सदरे शिवले होते.

ती आता एकेक कपडा पिळून वर काढत होती. सदरा, झगा, झगा, सदरा. चोवीस झाले तरी तळाशी काहीतरी उरलं होतं. तिने ते वर ओढलं. मोठं, जड, खांद्यांना गादी असलेलं.

"हे काय?" एतुआलेने विचारलं.

"पाद्रीबाबांचा कोट," सिनिवा क्षीण आवाजात म्हणाली. "त्यांच्या मालेलेबाई काल देऊन गेल्या. म्हणाल्या, तू भिजवतेच आहेस तर हाही टाक."

तिने कोट दोन्ही हातांनी उंच धरला. पाद्रीबाबा अंगापिंडाने दांडगे होते, त्यामुळे लाल रंगही त्या मानाने बराच होता.

"लिंबू!" एतुआले एकदम ओरडला. "आम्ल टाकलं की आम्लारीचा जोर संपतो. लाल परत पिवळं होईल."

"मला पिवळं नकोय. पिवळा रविवार असतो का कुठे?"

"पिवळं झालं की उन्हात टाकायचं. हळदीला ऊन सोसत नाही. शनिवार अख्खा आहे आपल्या हातात."

"किती लिंबं लागतील?"

एतुआलेने टबाकडे पाहून मनात हिशेब केला. "गावात असतील तेवढी."

लिंबाचं झाड अंगणात असणारा माणूस म्हणजे फिलेमोनी. सत्तरीचा, गावसभेत मानाचा, आणि कुठलीही गोष्ट एकदा ऐकली की ती चर्चच्या घंटेच्या आधी गावभर पोचवणारा. शाळा भरायच्या आत एतुआले पिशवी घेऊन त्याच्याकडे गेला.

"सगळी लिंबं?" फिलेमोनी म्हणाला. "गुरुजी, रविवारचा ओका करायला सहा लिंबं पुरतात. तुमच्याकडे माणसं किती?"

"पंचवीस," एतुआलेच्या तोंडून निघून गेलं.

"पंचवीस पाहुणे! कुठून येतायत?"

"ते... आलेलेच आहेत. भिजतायत."

"भिजतायत? होडीतून आले वाटतं. मग मासा किती आणलात?"

"मासा नाही."

फिलेमोनीने हातातला कोयता खाली ठेवला. मासा लिंबाच्या रसात मुरवून वर नारळाचं दूध ओतलं की ओका होतो, हे वाइतोआतलं दुधाचे दात न पडलेलं पोरही सांगेल. "माशाशिवाय ओका," तो पुटपुटला. "शिकलेल्या माणसांचं काही कळत नाही बाबा." पण लिंबं त्याने दिली, झाड ओकंबोकं होईपर्यंत दिली.

त्या दिवशी वर्गात एतुआलेने चाळीस पट्ट्या वाटल्या. साबणाच्या पाण्यात बुडवा, लाल होते. लिंबाच्या रसात बुडवा, परत पिवळी. मुलांनी बुडवल्या, पाहिल्या आणि जांभया दिल्या. शेवटच्या बाकावर लोसा नावाची एक लांब वेण्यांची मुलगी होती. चाचणीत तिला वीसपैकी तीन मिळाले होते, तेही वहीला छान कव्हर घातलं म्हणून. तिने आपली पट्टी वेणीत रिबन म्हणून बांधली.

"आम्ल आणि आम्लारी," एतुआले पोटतिडकीने सांगत होता, "दोघंही आपापल्या जागी जहाल. पण एकत्र आले की दोघांचाही जोर ओसरतो आणि उरतं काय? क्षार आणि पाणी. लग्नासारखंच आहे हे."

"सर," पुढच्या बाकावरून प्रश्न आला, "तुमच्या घरात आम्लारी कोण?"

एतुआलेला सकाळची किंकाळी आठवली. त्याने फळा पुसायला घेतला.

दुपारी घरी आला तेव्हा टबात बावन्न लिंबांचा रस ओतलेला होता आणि कपडे निमूटपणे पिवळे झाले होते. सिनिवाच्या हातांची बोटं सुरकुतली होती. पण तिचा आवाज मात्र जरा मवाळ झाला होता. एवढ्यात फाटकातून फिलेमोनी आला. त्याच्या खांद्यावर हातभर लांबीचा ट्यूना होता.

"मला राहवेना," तो म्हणाला. "पंचवीस माणसं आणि मासा नाही! गावाची अब्रू जाईल. हा घ्या, आताच होडीतून उतरवलाय. लगेच लिंबात टाका."

सिनिवाने माशाकडे पाहिलं, मग टबाकडे पाहिलं. घरात लिंबू एकही उरलं नव्हतं, आणि गावातही नव्हतं.

"फार उपकार झाले, काका," ती म्हणाली, आणि फिलेमोनी पाठमोरा होताच नवऱ्याकडे वळली. "आता हा कशात मुरवू? पाद्रीबाबांच्या कोटात?"

मासा त्यांनी भाजून खाल्ला. दोन दिवस पुरला.

शनिवारी मात्र देव पावला. सकाळपासून असं कडक ऊन पडलं, की लाव्हाच्या काळ्या दगडांवर अनवाणी पाय ठेववेना. एतुआलेने दर अर्ध्या तासाने कपडे उलटेपालटे केले. दहाला ते पिवळे होते, बाराला फिके पिवळे, आणि तीन वाजता नारळाच्या दुधासारखे झाले. सिनिवाने एक झगा डोळ्यांशी धरला, नाकाशी धरला.

"रंग गेला. लोणच्याचा वास येतोय."

"वासाला रंग नसतो," एतुआले म्हणाला. एवढं शहाणपण सुचल्याबद्दल त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"एकदा साबणाने खळबळून काढते."

"नको!" तो दोन्ही हात पसरून टबासमोर उभा राहिला. "हळद अजून थोडी आत आहे. दिसत नाही इतकंच. साबण लागला की परत उठेल. उद्या दोन तास अंगावर राहू देत तसेच. चर्चमध्ये साबण घेऊन कोण येतंय?"

संध्याकाळी कपडे इस्त्रीला पाद्रीबाबांच्या घरी गेले, कारण गावात चांगली इस्त्री त्यांच्या बायकोची, मालेलेबाईंचीच. ते पोचवून येताना एतुआले मुद्दाम चर्चमध्ये डोकावला. तरुण मंडळाची पोरं उद्यासाठी आतल्या भिंती पांढऱ्या करत होती. किनाऱ्यावरची पोवळी भाजून केलेला चुना बादल्यांत कालवला होता.

"हात छान बसलाय," एतुआले म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचं मन निवांत होतं आणि निवांत माणसाला सल्ला द्यावासा वाटतो. "पण उजवी बाजू जरा फिकी वाटते. तिथे मुलं उभी राहणार ना? अजून एक हात मारा. जाड."

पोरांनी जाड हात मारला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. टोप्या, पंखे, तेल लावलेले केस. उकडत होतं, आणि चोवीस मुलं उजव्या भिंतीशी ओळीने उभी होती. आपापल्या आयांनी 'हलू नका' म्हणून दटावल्यामुळे ती भिंतीला अगदी चिकटून उभी होती. एतुआले तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याने समाधानाने एक दीर्घ श्वास घेतला आणि तो अर्ध्यातच अडकला.

ओल्या चुन्याचा वास.

पोवळं भाजलं की चुनकळी होते, ती पाण्यात टाकली की चुना, आणि चुना म्हणजे आम्लारींमधला एक नामांकित आम्लारी. हे वाक्य तो दर वर्षी फळ्यावर लिहीत आला होता. खाली रेघही मारायचा.

"सिनिवा," तो कुजबुजला. "भिंत आम्लारी आहे."

"शू. प्रार्थना चाललीय."

"अगं, भिंत..."

"डोळे मीट!"

त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा पहिली चार मुलं पुढे येऊन वचन म्हणत होती. पुढून ती दुधासारखी पांढरी दिसत होती. वचन संपलं, मुलांनी वाकून नमस्कार केला आणि परत जायला पाठ फिरवली. चारही पाठी लाल होत्या. घामाने ओल्या झालेल्या खांद्यांवर तर रंग असा उमटला होता, की कुणीतरी हाताचे पंजे मारलेत असं वाटावं.

चर्चमधले पंखे थांबले. मागच्या बाकावर एक बाई "देवा!" म्हणाली. सिनिवाने नवऱ्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तोही देवाचं नाव घेणार होता.

दुसरी चार मुलं आली. पुढून पांढरी, मागून लाल. तिसरी चार आली. आता लोक वचनं ऐकतच नव्हते, मुलं वळण्याची वाट बघत होते. पाद्रीबाबा मंचावरून लोकांचेच चेहरे बघत होते, मुलांच्या पाठींकडे त्यांचं लक्षच नव्हतं. लोक इतके तल्लीन झालेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांचे डोळे पाणावले.

शेवटी मुलांचं समूहगीत होतं. लोसा पुढे झाली आणि अदबीने पाद्रीबाबांना म्हणाली, "बाबा, इथे भिंतीशी उभे राहा ना. इथून सगळ्या ओळी दिसतील." पाद्रीबाबा खाली उतरले, भिंतीला टेकले आणि तीन कडवी संपेपर्यंत घाम पुसत, मान डोलवत टेकूनच राहिले. अभ्यासात हुशार नसली तरी पोरगी मनाने चांगली आहे, असं त्या संकटातही एतुआलेला वाटून गेलं.

मग प्रवचन सुरू झालं. विषय पाद्रीबाबांनी महिन्याभरापूर्वीच ठरवलेला होता, मनातले लपलेले डाग.

"पुढून माणूस किती पांढरा दिसतो!" त्यांचा आवाज घुमला. "पण डाग लपतो का? तुम्हाला वाटतं, कुणी बघत नाही. अरे, तो बघतोय! तुमची पाठ त्याला दिसते!"

आणि हे म्हणून ते हात उंचावत वेदीकडे वळले.

त्या प्रशस्त पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, सूर्यास्त झाला होता.

चर्चमध्ये श्वासही ऐकू येईना. पाद्रीबाबांना ती शांतता पाठीला जाणवली. तीस वर्षांत अशी शांतता त्यांना मिळाली नव्हती. ते आणखी जोरात, आणखी दहा मिनिटं, पाठ फिरवूनच बोलले. बाहेर पडताना लोक एकमेकांशी बोलत नव्हते. संध्याकाळपर्यंत एकाने शेजाऱ्याचं डुकराचं पिल्लू परत नेऊन सोडलं, दोन भावांनी सात वर्षांचा अबोला सोडला, आणि फिलेमोनी स्वतः येऊन सिनिवाला सांगून गेला, की पंचवीस पाहुण्यांची गोष्ट गावभर त्यानेच केली, चूक झाली, पदरात घ्या.

"आपण सांगून टाकू," एतुआले म्हणाला. "माझ्याच्याने हे पचणार नाही."

"सांगूच," सिनिवा म्हणाली. "मालेलेबाईंना आधी. त्यांचा कोट होता."

पण तेवढ्यात मालेलेबाईच दारात आल्या. हातात केळीच्या केकचं मोठं ताट होतं आणि डोळे रडून सुजलेले.

"सिनिवा, मला माफ कर गं. सगळं माझ्यामुळे झालं. काल इस्त्री करताना टेबलावर मी माझं कमरेला गुंडाळायचं लाल लावालावा अंथरलं होतं. नवीन होतं. त्याचा रंग उठला बघ घामाने! तुझ्या तीन आठवड्यांच्या मेहनतीची मी माती केली."

एतुआलेने तोंड उघडलं. "बाई, खरं म्हणजे ती हळ..."

सिनिवाने केकचा मोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "असू दे हो बाई," ती म्हणाली. "चुकतं माणूस."

"ह्यांना सांगायला मी धजले नाही अजून," मालेलेबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नुसतं गोडधोड करून घालतेय."

सोमवारी सुटी होती. मंगळवारी एतुआले खाली मान घालून वर्गात शिरला. फळ्यावर 'क्षार' लिहिलं आणि वळला, तर शेवटच्या बाकावर लोसाचा हात वर. चौदा वर्षांत शेवटच्या बाकावरचा हात त्याने फक्त पाणी प्यायला जाण्यासाठी वर झालेला पाहिला होता.

"सर, चुना लिंबापेक्षा जोरदार असतो का?"

"का गं?"

"कपड्यांना लिंबाचा वास होता, तरी पाठी लाल झाल्या. म्हणजे चुन्याने लिंबाला हरवलं, आणि मग हळदीला गाठलं. बरोबर ना?"

एतुआलेच्या हातातला खडू खाली पडला. त्याने वर्गभर नजर फिरवली. चाळीस चेहरे त्याच्याकडे टक लावून बघत होते. एकही जांभई नव्हती.

"तुला... हे कधी कळलं?"

"चर्चमध्येच. पहिली चौघं वळली तेव्हा. आम्ही सगळ्यांनी ओळखलं. पण एकदाच झालं तर तो योगायोगही असू शकतो ना, सर? म्हणून मी पाद्रीबाबांना भिंतीशी उभं केलं."

रागवावं की पाठ थोपटावी हे एतुआलेला ठरवता येईना. "कुणाला सांगितलंत का हे?" त्याने कसंबसं विचारलं.

"त्यांनाच," लोसा दाराकडे बोट दाखवत म्हणाली. "कोट काढल्यावर त्यांनीच विचारलं मला."

दारात पाद्रीबाबा उभे होते. काखेत घडी घातलेला कोट, एका हातात साबणाची वडी, दुसऱ्या हातात तीन लिंबं. ती त्यांनी कुठून पैदा केली देव जाणे.

"गुरुजी, मलाही दाखवा," ते म्हणाले आणि लोसाच्या शेजारी बाकावर बसले. बाक करकरला.

एतुआलेने बादली आणली. पाद्रीबाबांनी कोटाची बाही साबणाच्या पाण्यात बुडवली. लाल. लिंबू पिळलं. पिवळी. परत साबण. लाल. ते पोट धरून हसायला लागले, त्यांच्याबरोबर वर्ग हसायला लागला, आणि तिसरं लिंबू संपलं तरी ते उठायला तयार नव्हते.

"बाबा, मला क्षमा करा," तास संपल्यावर एतुआले हळूच म्हणाला. "संध्याकाळी मी घरी येऊन मालेलेबाईंनाही सगळं सांगतो. त्या बिचाऱ्या उगीच स्वतःला दोष देतायत."

पाद्रीबाबांचं हसू थांबलं. त्यांनी दाराबाहेर कुणी नाही ना हे पाहिलं, एतुआलेच्या खांद्यावर आपला भला मोठा हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"सांगा, सांगायलाच हवं. पण पुढच्या आठवड्यात सांगा. काल भाजलेलं डुक्कर केलं होतं तिने, आज नारळाच्या दुधातली पालुसामी आहे, आणि उद्या खेकडे आणणार म्हणतेय."